पूर्ण कागद

फिटिंगच्या बाईंनी मनगटावरच्या गादीतून चौथी टाचणी उपसली, तिच्या डाव्या खांद्यावर खोचली आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले.

“सरळ उभी राहा.”

“सरळच उभी आहे.”

“तसं नाही. पोट आत घेऊ नकोस, श्वास सोड. घरी उभी राहतेस तशी राहा.”

ती घरी उभी राहते तशी उभी राहिली. समोरच्या आरशात पातळ कापडाचा राखाडी झगा दिसत होता. त्याचा गोल गळा डावीकडे घसरला होता. बाईंनी तो चिमटीत धरून मधोमध आणला. बोटं काढल्यावर तो पुन्हा हळूच डावीकडे गेला, बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसाची मान जाते तसा.

“कापण्यात चूक असेल,” ती म्हणाली. “एक खांदा खोल गेला असेल. होतं कधी कधी. कापड सरकतं.”

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “शिवणातलं कळतं वाटतं?”

“बाबा टेलर आहेत.”

“अस्सं. मग तुला सांगायला हरकत नाही. हाच झगा सकाळपासून पाच जणींना घालून झालाय. पाचही जणींना गळा जागेवर होता.”

ती सव्वीस वर्षांची होती आणि गेली तीन वर्षं अशा एखाद्या आरशापर्यंत पोचायची धडपड करत होती. उंची पाच फूट दोन इंच, बांधा रुंद. नोकरी चष्म्याच्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, आरसा पुढे धरायचा आणि शोभते की नाही ते सांगायचं. ती खरं सांगते म्हणून लोक तिलाच शोधत यायचे. सुटीच्या दिवशी ती आपल्या फोटोंची पाकिटं घेऊन हिंडायची. एका एजन्सीत दाराच्या चौकटीवरच काळी चिकटपट्टी लावलेली होती. डोकं पट्टीला लागलं नाही तर आत जायचंच नाही, बाहेरच्या बाहेर ‘धन्यवाद’. त्या पट्टीखाली ती तीन वेळा उभी राहिली होती, तिसऱ्या वेळी बुटात पुठ्ठ्याचे तुकडे घालून. दुसऱ्या एका ठिकाणी फोटो पाहणाऱ्या माणसाने गंभीरपणे विचारलं होतं, “चेहरा छान आहे. पण बाकीचं कुणाचं आहे?” तेव्हा खोलीतल्या सगळ्यांबरोबर तीही हसली होती.

ही कंपनी तशी नव्हती. ‘सगळ्या मापांची माणसं हवी आहेत,’ असं हिच्या जाहिरातीतच होतं. चारशे फोटोंतून बारा जणी निवडल्या, त्यांत ती होती. पत्र आलं त्या दिवशी तिने ते दुकानात, डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी लावून ठेवलं. आज नुसते कपडे अंगाला लावून पाहायचे आणि उद्यापासून फोटो, असं ठरलं होतं.

“तुझ्या फोटोंत हे नव्हतं,” बाई म्हणाल्या. “त्यातले कपडे कुठले?”

“बाबांनीच शिवलेले. लहानपणापासून विकतचा कपडा अंगाला लागलेला नाही माझ्या.”

हे वाक्य ती नेहमी जरा मान उंच करून म्हणत असे. आताही तशीच म्हणाली.

तिचं जाकीट खुंटीवर टांगलेलं होतं. बाईंनी काही न विचारता ते काढलं, उलटं केलं आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. उजव्या खांद्यावर अंगठा सरळ पुढे गेला. डाव्या खांद्यावर थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग त्यांनी जाकीट टेबलावर पालथं पसरलं आणि गळ्यातली टेप काढली. मापं घेऊन झाली तरी बराच वेळ त्या वाकूनच उभ्या होत्या. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा खाली आला होता.

“काय हात आहे गं तुझ्या बाबांचा. डावीकडे पॅडचे तीन थर आहेत, उजवीकडे एक. पाठीची मधली शिवण मधोमध नाहीच, अर्धा इंच सरकवलीय, आणि बाहेरून रेघ कशी ओळंब्यात दिसते बघ. खालची पट्टी एका बाजूला पाव इंच सोडलीय. पंचवीस वर्षं झाली मला या कामात. असलं काम मी पाहिलं नाही.”

“असं का केलंय पण?”

बाईंनी मान वर केली. आपण भलतंच बोलून बसलो हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मनगटावरची गादी त्यांनी उगाचच फिरवली.

“तुला माहीत नाही?”

“काय?”

त्यांनी तिला आरशाकडे पाठ करायला लावली, हातात छोटा आरसा दिला आणि मानेखाली, मणक्यावर बोट ठेवलं. बोट हळूहळू खाली ओढत आणलं. मध्येच ते उजवीकडे वळलं, थोडं तसंच गेलं आणि कमरेपाशी परत आलं.

“फार नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्या भाचीला याच्यापेक्षा जास्त होतं. बाराव्या वर्षी लक्षात आलं. कणा आणखी वळू नये म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिला, दोन वर्षं रडत रडत घातला तिने, पण होतं तिथंच थांबलं. त्या वयात थांबतं म्हणे.” त्यांनी बोट उचललं. “तुला कुणी दाखवलं नाही का गं, बाळा?”

हातातल्या आरशात तिला पाठ दिसत होती आणि पाठीमागे जाकीट, उलटं, अस्तर वर आलेलं. तिला खिळ्याला टांगलेले कागद आठवले.

घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान. तिथल्या भिंतीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कापणीचे खाकी कागद. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा कागद बाबा एकदाच काढून ठेवत. पाठीचा कागद अर्धाच असे. कापडाची दुहेरी घडी घालायची, अर्धा कागद घडीच्या कडेला लावायचा, कापायचं आणि उलगडायचं. माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच, मग दुप्पट कागद कशाला घालवायचा? सगळ्या भिंतीवर अर्धी अर्धी माणसं टांगलेली होती. फक्त कोपऱ्यातल्या खिळ्यावरचे, तिचे कागद पूर्ण होते. शाळेत असताना ती मैत्रिणींना मुद्दाम घरी आणून दाखवायची. सगळ्यांचे अर्धे, माझा पूर्ण. मी मुलगी आहे ना त्यांची. बाबा खडूने रेघ मारत राहायचे.

निवड करणाऱ्या मॅडम आल्या तेव्हा तिने आपले कपडे घातले होते. फक्त जाकीट हातावर टाकलं होतं. मॅडम बऱ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकल्या.

“स्पष्ट बोलले तर चालेल?”

“चालेल.”

“आमचे कपडे ठरलेल्या मापांचे. दुकानातून घेऊन कुणीही घालावेत असे. तुझ्यासाठी प्रत्येकाचा खांदा उसवत बसलो तर मग तो आमचा कपडा राहत नाही. एक तर हे.” त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे मागच्या वर्षीचे मोठे फोटो होते. एकीच्या चेहऱ्यावर पांढरे डाग होते, एकीचा पाय गुडघ्याखाली धातूचा होता, एकीचे पांढरे केस कमरेपर्यंत आले होते. “दुसरं असं, की यांचं वेगळेपण लांबून दिसतं. तुझं फोटोत दिसत नाही. नुसतं कपड्यात दिसतं.”

“म्हणजे मी धड सरळ नाही आणि पुरेशी वाकडीही नाही.”

मॅडमना हसू आलं, आणि हसायला नको होतं हे लगेच कळलंही. त्यांनी डोक्यावर चढवलेला चष्मा काढून हातात घेतला. ती फ्रेम त्यांच्या चेहऱ्याला लहान पडत होती. तिने सांगितलं नाही.

“एक फोटो होऊ शकतो,” मॅडम म्हणाल्या. “पाठीचा. कमरेपर्यंत उघडा झगा, एका बाजूने उजेड. तसा घेतला तर ही रेघ दिसेल. छान दिसेल, खरंच. दुकानांच्या काचेएवढा मोठा करू. फक्त चेहरा नसेल.”

“अजिबात नसेल?”

“पाठीचा आहे ना. चेहरा आला की लोक चेहराच बघतात.”

तिने जाकीट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं.

“झगा मात्र नीट बसायला हवा,” मॅडम फिटिंगच्या बाईंना म्हणाल्या. “पाठ उघडी असली की खांद्यावरच सगळा भार. जमेल ना?”

“मला नाही जमायचं,” बाई म्हणाल्या. त्या टाचण्या डबीत एकेक करून टाकत होत्या. “ज्यांना जमेल ते तिच्या घरी आहेत.”

फोटो हवा की नको आणि झगा कोण शिवणार, ते परवापर्यंत कळवायचं ठरलं.

ती घरी पोचली तेव्हा दुपार उतरायची होती. बाबा कापायच्या टेबलाशी उभे होते. दाराजवळच्या स्टुलावर आत्या, मांडीवर शर्टांचा ढीग घेऊन, काजं-बटणं करत बसली होती.

“आल्या, आल्या! फोटोतल्या बाई आल्या!” आत्या ओरडली. “दादा, बघतोस काय, गालिचा अंथर.”

“गालिचा नाही. पोतं आहे,” बाबा म्हणाले. कात्री चालूच होती.

“आत्या, बटणं लाव गं गुपचूप.”

“लावतेच आहे. पस्तीस वर्षं लावतेय. एका मेल्याने माझा फोटो काढला नाही.”

“तुलाही घेतील. सगळ्या मापांची माणसं हवीत त्यांना.”

“माझं माप? दोन टेपा जोडाव्या लागतील.” आत्या स्वतःच्याच बोलण्यावर हसली, मग सुई थांबवून म्हणाली, “बरं, उद्या किती वाजता? मी येणार बघायला. कुणी बाहेर काढलं तर सांगेन, आई नाही पोरीला, मीच आहे.”

तिने पाण्याचा पेला भरला आणि उभ्या उभ्याच प्यायली.

“कापड कसं होतं त्यांचं?” बाबांनी विचारलं. शाळेच्या संमेलनापासून ते लग्नसमारंभापर्यंत कुठूनही आलं तरी त्यांची पहिली चौकशी हीच असे.

“पातळ होतं. चांगलं होतं.”

“आणि शिवण?”

“नेहमीची,” ती म्हणाली. “घडीवर कापलेली.”

कात्री थांबली.

अर्ध्या रेघेत कात्री थांबवायची नाही, थांबली की कापडाच्या कडेला दात पडतो, हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. आत्याने मान वर केली, आधी भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोरा दातांनी तोडला.

“दूध संपलंय वाटतं,” ती म्हणाली, आणि कपड्यांचा ढीग स्टुलावर ठेवून बाहेर पडली. दूध होतं. तिघांनाही ते माहीत होतं.

तिने कोपऱ्यातल्या खिळ्यावरचे कागद काढले. टेबलावरचं कापड बाबांनी न सांगता बाजूला ओढलं. सगळ्यांत खाली नवव्या वर्षाचा कागद होता, आई गेली त्या वर्षीचा. तो अर्धा होता. दहाव्याचाही अर्धा. अकराव्याचा पूर्ण, आणि त्यानंतरचे सगळे पूर्ण. तिने ते गळ्याशी गळा जुळवून एकावर एक ठेवले. उजवे खांदे वयाप्रमाणे वाढत एका ओळीत गेले होते. डावे खांदे दर कागदाला थोडे थोडे खाली उतरत गेले होते आणि अठराव्या वर्षानंतर जिथे होते तिथे थांबले होते. कडेला पेन्सिलीने वर्ष लिहिलेलं होतं. बाकी काही नाही.

“कधी कळलं?” तिने विचारलं.

“शाळेच्या निळ्या फ्रॉकला.” बाबांचा हात खडूवर होता. “घेर एका बाजूने उचलत होता. मला वाटलं कापड आटलं. उसवून परत शिवला. परत उचलला.”

“मग?”

“मग कागद पूर्ण काढला.”

“आत्याला बोललात?”

“नाही.”

“डॉक्टरला?”

बाबांनी खडू मुठीत घेतला. मग म्हणाले, “तुझी आई नुसती तपासायला म्हणून गेली होती.”

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने ढिगातून अकराव्या वर्षाचा कागद ओढून वर ठेवला.

“त्या वयात थांबतं म्हणे, बाबा. पट्टा लावला की.”

“मला वाटलं, वाढीचं वय आहे. भरून येईल.”

“आणि नाही आलं भरून, तेव्हा?”

बाबांनी बराच विचार केला. त्यांना खरंच आठवून सांगायचं होतं असं दिसत होतं.

“तेव्हा कपडा बसत होता,” ते म्हणाले.

खडू त्यांच्या मुठीत मोडला होता. पांढरी भुकटी अकराव्या वर्षाच्या कागदावर पडली. त्यांनी ती फुंकली नाही, हाताने पुसायला गेले आणि कागदभर पसरली.

तिने जाकीट खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. तिथेही त्याचे दोन्ही खांदे अगदी सारखे दिसत होते. मग ती भिंतीकडे वळली, शेल्फवरची मापांची वही काढली आणि तिच्यातली पेन्सिल कानामागे खोचली. तिसरीत होती तेव्हापासून ही वही तीच लिहीत असे. बाबा आकडे सांगत, ती लिही. गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या छात्या आणि कमरा तिच्या अक्षरात होत्या. स्वतःच्या मापांना तेवढा तिचा हात लागला नव्हता. माप देणाऱ्याने लिहायचं नाही, लिहायला वाकलं की माप चुकतं, असा बाबांचा नियम होता, आणि तो तिला नेहमी बरोबर वाटत आला होता.

“एक झगा शिवायचाय,” ती म्हणाली. “परवाच्या आत सांगायचंय त्यांना.”

“कसला?”

“पाठ उघडी.”

“किती उघडी?”

“सगळी. कमरेपर्यंत. खांद्यावर नुसत्या दोन पट्ट्या.”

“पॅड कुठे घालणार मग?”

“नाही घालायचं.”

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. ती फ्रेम तिनेच निवडलेली होती.

“लोक बघतील,” ते म्हणाले.

“बघण्यासाठीच घेतायत.”

“आणि चेहरा?”

“चेहरा नाही त्यात.”

“एवढं सगळं करून चेहरा नाही?”

“नाही.”

“मग कुणाला कळायचं नाही, तू आहेस ते.”

“तुम्हाला कळेल,” ती म्हणाली.

बाबांनी कागद गोळा केले, कडा जुळवायला गेले, त्या जुळल्या नाहीत. तसेच त्यांनी ते खिळ्याला लावले.

“माप आहे माझ्याकडे,” भिंतीकडे पाहत ते म्हणाले. “मागच्याच वर्षीचं. फरक नसेल.”

“नवं घ्या. मोठ्याने सांगा. मी लिहिते.”

ती भिंतीला तोंड करून उभी राहिली. वही उघडून भिंतीला टेकवली, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे वाकावं लागणार नाही. पानाच्या वर काही लिहिलं नाही. बाबा मागे आले. गळ्यातली टेप काढल्याचा आवाज आला, मग तिचं पितळी टोक उजव्या खांद्यावर टेकलं आणि टेप पाठीवरून कमरेपर्यंत खाली आली. अंगठ्याने त्यांनी ती कमरेशी दाबून धरली.

“उजवा,” बाबा म्हणाले. “सोळा.”

तिने लिहिलं.

पितळी टोक उचललं गेलं आणि दुसऱ्या खांद्यावर आलं.

“डावा.”

पुढचा आकडा आला नाही. ती पेन्सिल धरून उभी होती. टेपवरचा अंगठा कमरेशी होता आणि त्याचा दाब कमी-जास्त होत होता. दाराबाहेर आत्याच्या चपलांचा आवाज आला, उंबऱ्याशी थांबला. आत आला नाही.

“डावा,” बाबा पुन्हा म्हणाले. “सव्वापंधरा.”

पेन्सिल कागदाला लागली.

“थांब. लिहू नकोस. परत घेतो.”

टेप उचलली गेली, झटकली गेली, पुन्हा खांद्यावरून खाली आली. या वेळी बाबांनी आकडा सांगितलाच नाही. टेप पुन्हा वर गेली. तिने पेन्सिल खाली घेतली, श्वास सोडला आणि घरी उभी राहते तशी उभी राहिली. बाबा तिसऱ्यांदा माप घेत होते.